शाश्वत पुरवठादार गटवारी व विकास (कोकण किनारा)

माल पुरवणाऱ्यांचे गट पाडताना दर आणि खरेदीची रक्कम यांच्या जोडीने जमीन, पाणी, समुद्र आणि मजूर यांवर त्या मालाचा किती भार पडतो हे पाहण्याची पद्धत. ज्या गटात उणीव दिसेल तिथे शिकवण, साधने आणि वेळेवर पैसा पोचवणे म्हणजे पुरवठादार विकास. तो वगळला, तर गटवारी ही लहान माणसाला बाजूला काढण्याची यादी ठरते.

गटवारीची प्रसिद्ध चौकट पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये मांडली. खरेदीचा नफ्यावर परिणाम किती आणि पुरवठा अडण्याचा धोका किती, या दोन कसोट्यांवर त्यांनी चार गट केले. निसर्ग आणि श्रम यांची कसोटी पुढे जोडली गेली. शाश्वत खरेदीचे आयएसओ २०४०० हे मार्गदर्शक मानक २०१७ चे आहे.

कोकणात मात्र मुळात पुरवठादार कोण, हेच आधी ठरवावे लागते. हापूसची बाग पुष्कळदा खंडाने दिलेली असते. पेटी खंड घेणाऱ्याची, कलमे मालकाची, आणि खरेदीदाराची ओळख बहुधा वाशीच्या आडत्याशी. ज्याच्या हाती बाग एकदोन हंगामच आहे, त्याला यंदाचा मोहोर महत्त्वाचा. म्हणून पॅक्लोब्युट्राझॉलची (मोहोर लवकर व भरपूर यावा म्हणून झाडाला देतात ते वाढरोधक रसायन) मात्रा शिफारशीपेक्षा वाढण्याची भीती इथे जास्त. झाड थकते ते मालकाचे. अशा वेळी आडत्याला एक पुरवठादार धरून गट पाडला, तर खरा धोका कागदावर येतच नाही. खंडाची मुदत वाढवणे हा इथे कोणत्याही तपासणीपेक्षा मोठा उपाय आहे. खरेदीदारानेही स्वतःकडे पाहावे: लवकरच्या पेटीलाच चढा दर देऊन चौदा आणे तयार फळाचा आग्रह धरता येत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या नूतन झेल्याने (आंबे उतरवायची काठीला लावलेली जाळी) फळ देठासह उतरते, चीक सालीवर ओघळत नाही आणि आंबा कमी सडतो. बागेत झेले देणे आणि गड्यांना ते वापरायला शिकवणे हा खरा विकास. हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांचे आहे. त्याखाली नोंदलेला बागायतदार निदान नावाने ओळखता येतो.

काजूत भार बागेपेक्षा कारखान्यात अधिक. टरफलातले तेल दाहक असते आणि बी फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी त्याने जळते. रकमेच्या हिशेबात घरगुती युनिट शेवटच्या गटात बसते, पण हातमोजे, धुराची वाट आणि मजुरीची नोंद यांची गरज तिथेच सर्वाधिक.

मासळीत एकेका ट्रॉलरची निवड पुरत नाही. कासवांच्या सुटकेची सोय जाळ्यांत नसल्याने अमेरिकेने २०१९ पासून समुद्रात पकडलेली भारतीय कोळंबी घेणे थांबवले. चांगल्या तांडेलालाही (नौकेच्या प्रमुखालाही) त्यातून सूट नव्हती. म्हणून इथे विकास बंदरवार, सगळ्या नौकांसह करावा लागतो.

कोकमाची आमसुले आणि आगळ (घट्ट रस) करणारे बचत गट खरेदीच्या यादीत तळाला असतात. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून नोंदणी असल्यास २००६ च्या कायद्याने त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. कोकम पावसाच्या तोंडावर पिकते, फळ त्याच दिवसांत रोखीने घ्यावे लागते. त्यामुळे या गटांना प्रशिक्षणाच्या आधी आगाऊ रक्कम लागते.