हार्ट स्कोअर आणि ग्रेस स्कोअर: कमी धोका, पण कशाचा?

छातीदुखीच्या रुग्णाला मोठ्या इस्पितळात पाठवतानाच्या रेफरल चिठ्ठीवर नुसते ‘स्कोअर कमी’ लिहिलेले दिसले की माझा पारा चढतो, कारण कोणता स्कोअर आणि कशाचा धोका कमी, हे त्यातून कळतच नाही. हार्ट आणि ग्रेस हे दोन्ही गुणांची बेरीज करून धोका मोजतात. हार्ट स्कोअर कॅज्युअल्टीत काम करणाऱ्यांना पाठच असतो: दुखण्याचे वर्णन, ईसीजी, वय, जोखमीचे घटक आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) यांना प्रत्येकी ० ते २ गुण. ग्रेसमध्ये वय, नाडी, वरचा रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), किलिप वर्ग (हृदय कमजोर पडल्याची लक्षणे किती, याची प्रतवारी), दाखल होताना हृदय बंद पडले होते का, ईसीजीच्या एसटी या भागातील बदल आणि हृदयाला इजा दाखवणारी वाढलेली एन्झाइम्स असे ८ घटक असतात. बेरीज ॲप करते. घटक ५ की ८, याला फारसे महत्त्व नाही.

खरा घोळ वेगळाच आहे. हार्ट स्कोअर नेदरलँड्समध्ये तयार झाला तो निदान न झालेल्या छातीदुखीसाठी. पुढच्या ६ आठवड्यांत या माणसाला हृदयविकाराचा मोठा त्रास होण्याची शक्यता किती, आणि म्हणून त्याला घरी सोडता येईल का, एवढेच हार्टला विचारावे. ग्रेस मात्र ॲक्यूट कोरोनरी सिंड्रोमच्या, म्हणजे हृदयाचा रक्तपुरवठा अचानक कमी झालेल्या रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदींतून आला. त्यात निदान गृहीतच धरलेले असते आणि अशा रुग्णाच्या जिवाला धोका किती, हे तो सांगतो.

समजा, म्हापशाच्या बाजारात माल उतरवणारा ४२ वर्षांचा माणूस आला. तो विड्या ओढतो, त्याला मधुमेह आहे, छातीतली कळ डाव्या हातात उतरते आणि दरदरून घाम सुटला आहे. नाडी ७८, रक्तदाब १३०, क्रिएटिनिन ०.९, ईसीजी नॉर्मल, पण ट्रोपोनिन मर्यादेच्या दुप्पट. ग्रेस ८९ येतो, म्हणजे १०८ च्या आत, ‘कमी धोका’. हार्ट येतो ४, म्हणजे मध्यम, आणि ० ते ३ या घरी सोडण्याच्या टप्प्याबाहेर. ग्रेस इथे चुकलेला नाही. वयाने तरुण आणि रक्तदाब-मूत्रपिंड ठीक असलेला रुग्ण इस्पितळात दगावण्याची शक्यता कमी, एवढेच त्याने सांगितले, आणि त्यावरून कोणी घरी पाठवले तर दोष वाचणाऱ्याचा. उलट जुलाबांनी गळून गेलेल्या ८२ वर्षांच्या आजींची नाडी १००, रक्तदाब १०५ आणि क्रिएटिनिन २.१ असेल, तर हृदय ठणठणीत असूनही ग्रेस १४० च्या पार जातो. त्याने हार्ट ॲटॅकचे निदान होत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की निदान होईपर्यंत ग्रेसला हात लावू नये. निदान झाल्यावर मात्र त्याच्याइतका उपयोगी दुसरा नाही, कारण एसटी न चढलेल्या हार्ट ॲटॅकमध्ये ग्रेस १४० च्या वर गेला, तर २४ तासांच्या आत अँजिओग्राफीचा विचार करावा लागतो. टिमी हा असाच आणखी एक स्कोअर, तोही निदानानंतरचाच. त्यात गेल्या ७ दिवसांत ॲस्पिरिन घेतल्याचाही एक गुण मिळतो, जो मला कधीच पटलेला नाही.

हार्टचीही एक मेख आहे. कळ सुरू झाल्यावर लगेच घेतलेला ट्रोपोनिन नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे एकाच ट्रोपोनिनवर काढलेला ३ हा आकडा मी मानत नाही. काही तासांनी दुसरा हवाच. आणि ईसीजीत एसटी स्पष्ट चढलेला असेल, तर दोन्ही स्कोअर बाजूला ठेवून आधी गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाला) फोन लावावा आणि ईसीजी पाठवावा. चिठ्ठीवर कळ सुरू झाल्याची वेळ, दोन्ही ट्रोपोनिन वेळेसह आणि स्कोअर काढलाच असेल तर त्याचे नाव लिहावे.