अ‍ॅन्झॅक बिस्कीट: कणकेचं कमी, पाकाचं जास्त

पातेलं लहान घेतलं, तिथेच चुकलं. बटर आणि काकवी मंद आचेवर वितळून एकजीव झाली होती. वाटीत चमचाभर उकळत्या पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा कालवला आणि पातेल्यात ओतला. क्षणभर काहीच नाही. मग तांबूस फेस भराभर वर चढला आणि दूध उतू जावं तसा थेट बर्नरवर. पुढचा अर्धा तास घरात करपलेल्या गुळाचा वास आणि माझ्या हातात घासणी.

पण त्या फेसातच या बिस्किटाचं बरंचसं विज्ञान आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

बिस्कीट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं. ओट्स, मैदा, साखर, सुक्या नारळाचा कीस, बटर, गोल्डन सिरप, सोडा आणि पाणी, एवढंच सामान. अंडं नाही. नाव पडलं ते पहिल्या महायुद्धात या दोन देशांच्या सैनिकांच्या ‘अ‍ॅन्झॅक’ या तुकडीवरून. २५ एप्रिल १९१५ रोजी हे सैनिक तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. तो दिवस दोन्ही देश आजही पाळतात. घरच्या बायकांनी आघाडीवर ही बिस्किटं धाडली, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. गोष्ट गोड आहे, पण गॅलिपोलीतल्या सैनिकांच्या वाट्याला आलं ते मैदा-पाण्याचं दगडासारखं रेशनचं बिस्कीट. ते कुटून, भिजवून त्याची लापशी करत. काहींनी तर त्यावर मजकूर लिहून ते पत्रासारखं घरी पाठवलं. ओट्सची बिस्किटं मुख्यतः मायदेशी जत्रा-मेळाव्यांत विकली जात, युद्धनिधीसाठी. खोबरंही सुरुवातीला नव्हतं, ते नंतर आलं. आणि ऑस्ट्रेलियात ‘अ‍ॅन्झॅक’ हा शब्द १९२१ पासून नियमांनी जपलेला आहे: मूळ कृतीत फार ढवळाढवळ केली, किंवा बिस्कीट न म्हणता ‘कुकी’ म्हटलं, तर हे नाव लावून विकता येत नाही. पदार्थाच्या नावावर सरकारचं इतकं लक्ष असावं, याची मला गंमत वाटते.

आता रसायनाकडे. नानकटाई मोहनावर उभी असते. तूप मैद्याच्या कणाकणाला वेढतं, म्हणून ती तोंडात विरघळते. केकला अंड्यातली प्रथिनं बांधून ठेवतात. अ‍ॅन्झॅकला बांधतो तो पाक. या अर्थाने हे बिस्कीट नानकटाईपेक्षा चिक्कीच्या जवळचं आहे.

हिशेब करून पाहा. एका घाण्याला १२५ ग्रॅम बटर लागतं. त्यात सुमारे १६ टक्के, म्हणजे २० ग्रॅम पाणी असतं. चमचाभर उकळतं पाणी आणि सिरपमधलं थोडं धरलं, तर एकूण ४० ग्रॅमच्या आसपास. साखर एक कप, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. एवढ्याशा पाण्यात एवढी साखर? खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाणी दोनशेच ग्रॅम साखर पोटात घेतं, उकळतं पाणी मात्र पावणेपाचशेहून जास्त. मैदा आणि ओट्स त्यातलं काही पाणी आधीच पिऊन टाकतात, तरी ओव्हनमध्ये बरीचशी साखर विरघळते, पाणी उडत जातं आणि उरतो दाट, चिकट पाक. म्हणून ओव्हनमधून काढलेलं बिस्कीट लिबलिबीत असतं. पहिल्यांदा करणारा घाबरून ते परत आत ठेवतो आणि करपवतो. थांबायचं. दहा मिनिटांत पाक थंड होतो आणि काचेसारखा घट्ट होतो. ‘काचेसारखा’ ही नुसती उपमा नव्हे. साखरेचे रेणू स्फटिकांच्या शिस्तीत न बसता, वितळलेल्या अवस्थेतल्या गोंधळातच गोठतात, आणि अशा घनाला विज्ञानात काचच म्हणतात.

पण पाक थंड होताना साखरतो, हे लाडू करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. तसं होऊ नये म्हणून आपण लिंबू पिळतो. लिंबातलं आम्ल साखरेच्या काही रेणूंचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे परके रेणू मध्ये घुसले की साखरेला स्फटिकाच्या रांगा लावता येत नाहीत. गोल्डन सिरप म्हणजे हेच काम कारखान्यात केलेलं. साखर शुद्ध करताना उरणाऱ्या पाकापासून अब्राम लाइल यांच्या लंडनच्या कारखान्यात ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी होऊ लागलं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, पण कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातली काकवी त्याची चुलत बहीण शोभेल: फुटलेली साखर त्यातही आहे, किंचित आंबटपणाही आहे. रंग जरा गडद येतो आणि चवीला उसाची खारट-गोड झाक. मला तर ती जास्त आवडली. शुद्धतावाद्यांनी याला अ‍ॅन्झॅक म्हणू नये, माझी हरकत नाही.

तो आंबटपणाच माझ्या बर्नरवर सांडला. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. नुसत्या उष्णतेनेही सोडा फुटतो आणि उकळीच्या तापमानाला फारच वेगाने. चिकट पाकात हे बुडबुडे अडकतात, बटरमधली दुधाची प्रथिनं त्यांच्या भिंती टिकवतात, आणि फेस चढतो. मग यातला कितीतरी वायू पातेल्यातच उडून गेला, तर उपयोग काय? थोडा उरतो आणि ओव्हनमध्ये बिस्कीट पोकळ करतो. पण सोड्याचं मोठं काम वेगळंच आहे. तो मिश्रण आम्लधर्मी राहू देत नाही, आणि अशा वातावरणात प्रथिनं आणि फुटलेल्या साखरेची गाठ झपाट्याने पडते. लुई-कामी मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केलेली ही अभिक्रिया. भाकरीच्या डागापासून भाजलेल्या कॉफीपर्यंत तांबूस रंग आणि खमंगपणा तीच देते. म्हणून १६० अंशांवर जेमतेम पंधरा मिनिटांत हे बिस्कीट मधाच्या रंगाचं होतं. सोडा जास्त पडला तर मात्र साबणासारखी कडवट चव राहते.

ओट्सबद्दल एकच सांगतो: झटपट शिजणारे बारीक घेऊ नका. ते पाक शोषून घेतात, गोळा पसरतच नाही आणि वरून भेगाळलेला लाडू हाती येतो.

नारळाचं प्रकरण जास्त गंमतीचं. दुकानातलं डेसिकेटेड कोकोनट आणि आपलं खोबरं एक नाही. पहिलं ओल्या नारळाचा पांढरा गर किसून, गरम हवेत भरभर वाळवलेला; दुसरं सावकाश वाळतं, म्हणून त्याचा वास उग्र असतो. दोन्हींत साठ टक्क्यांहून जास्त तेल. हे तेल बहुतांशी संपृक्त, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनला धरायला त्यात फारशा जागा नसतात, आणि ते शेंगदाण्याच्या तेलासारखं लवकर खवट होत नाही. त्याला भीती पाण्याची. ओल राहिली की त्यातलं लॉरिक आम्ल, म्हणजे तेलाच्या रेणूचाच एक घटक, सुटं होतं आणि चव साबणासारखी लागते. आधी सोड्याने बिघडलेला घाणा आणि हा, दोन्हीकडे साबणच, पण कारणं अगदी वेगळी.

ही बिस्किटं डब्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. अंडं नाही, आणि उरलंसुरलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं. बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी जवळजवळ नसतंच. बिघडतात ती दुसऱ्या मार्गाने: सादळतात. फ्रुक्टोजला हवेतल्या ओलाव्याची भारी हाव. तो ओलावा साखरेच्या काचेत शिरला की रेणूंना हलायला जागा मिळते, काच खोलीच्या तापमानालाच मऊ पडते, आणि जूनमध्ये उघड्या ताटलीतलं कुरकुरीत बिस्कीट रात्रीतून वाकायला लागतं. तशी झाली तर १५० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवा आणि जाळीवर गार होऊ द्या. ऑस्ट्रेलियात निम्मी मंडळी मात्र मुद्दाम मऊ, दाताला चिकटणारंच मागतात. त्यांच्यासाठी सिरप चमचाभर वाढवायचं, दोन-तीन मिनिटं आधी बाहेर काढायचं, आणि पातेलं मोठं घ्यायचं.