रिपोर्टमध्ये ‘मिक्स्ड’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

रुग्ण आणि नातेवाइकांसाठी, आमच्या पॅथॉलॉजी लॅबकडून

स्तनाच्या गाठीचा रिपोर्ट हातात पडला की काउंटरवर हमखास विचारलं जातं, “मिक्स्ड म्हणजे दोन कॅन्सर झालेत का?” बहुतेक वेळा तसं नसतं. गाठ एकच असते, तिच्यातल्या पेशी मात्र दोन तऱ्हांनी वाढलेल्या असतात.

ही जोडी बहुधा डक्टल आणि लोब्युलर या स्तनाच्या कॅन्सरच्या दोन प्रकारांची असते. डक्टल पेशी एकमेकींना धरून घोळके करतात. लोब्युलर पेशी सुट्या, मुंग्यांच्या रांगेसारख्या एकीमागून एक जातात. पेशींना जोडून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन लोब्युलर भागात सहसा नसतं. म्हणून शंका आली की आम्ही त्याची वेगळी तपासणी करतो. या तपासणीत रंग दिलेल्या काचेच्या पट्टीवर (स्लाइडवर) डक्टल पेशींच्या कडा तपकिरी उठतात आणि शेजारचा लोब्युलर भाग कोरा राहतो. ही सीमा स्पष्ट दिसली की मगच आम्ही ‘मिक्स्ड’ लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात लोब्युलरसारख्या विशेष प्रकाराचा भाग १० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर गाठ मिक्स्ड धरतात. सुईच्या बायोप्सीत गाठीचे दोन-चार बारीक धागेच मिळतात. त्यामुळे आधी ‘डक्टल’ आणि ऑपरेशननंतर ‘मिक्स्ड’ असा रिपोर्ट येऊ शकतो. पहिला रिपोर्ट चुकला असं कृपया समजू नका.

‘मिक्स्ड’ या शब्दावरून उपचार ठरत नाहीत. ते ठरतात ईआर आणि पीआर (पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर), हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन), ग्रेड (पेशी किती बिघडल्यात), गाठीचा आकार आणि काखेतल्या लसिका गाठींवरून. दोन्ही भाग वेगळे वागत असतील, तर या तपासण्या दोन्हींवर करून घ्याव्यात, असं आमचं ठाम मत आहे. लोब्युलर भाग मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) बऱ्याचदा नीट उमटत नाही, म्हणून डॉक्टर एमआरआय सांगू शकतात.

नमुना बऱ्याचदा घरचंच माणूस घेऊन येतं. एकदा एक गाठ रात्रभर सलाइनमध्ये राहून आमच्याकडे आली. पेशी इतक्या खराब झाल्या होत्या, की ईआरच्या निकालावर भरवसा ठेवता येईना. त्या ताईंची पुन्हा बायोप्सी करावी लागली, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. नमुना काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) गेला पाहिजे आणि त्यात ६ ते ७२ तास राहिला पाहिजे. डबीत फॉर्मलिनच आहे ना, हे ऑपरेशन थिएटरच्या दारातच विचारून घ्या. डबी बर्फात ठेवू नका.

दुसरं मत घ्यायला टाटा हॉस्पिटलला किंवा आणखी कुठे जाणार असाल, तर स्लाइडसोबत मेणाचे ब्लॉकही (ज्यांत गाठीचे तुकडे जपलेले असतात) मागून न्या. उन्हात उभ्या गाडीत ते ठेवू नका, मेण वितळतं.