मंगळावरच्या हिमनद्यांचे गणित : पार्श्वभूमी

मंगळावरची हिमनदी सरकताना कोणी पाहिलेली नाही. मॉडेलांनुसार तिचा आजचा वेग वर्षाला मिलिमीटरच्या घरात येतो आणि इतकी हालचाल यानांच्या छायाचित्रांत उमटत नाही. म्हणूनच या विषयाचा इतिहास हा मुख्यतः गणिताचा इतिहास आहे.

त्याचा पाया केंब्रिजमध्ये घातला गेला. जॉन ग्लेन यांनी बर्फाचे ठोकळे सतत दाबाखाली ठेवून ते किती वेगाने दबतात हे मोजले आणि १९५५ साली सविस्तर निष्कर्ष मांडले. ताण दुप्पट झाला की दबण्याचा वेग साधारण आठपट होतो, म्हणजे वेग ताणाच्या घनाप्रमाणे बदलतो. हाच नियम मंगळाला लावून पाहा. हिमनदीत ताण बर्फाच्या स्वतःच्या वजनाने येतो. तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे, म्हणजे जाडी, उतार आणि तापमान सारखेच धरले तरी बर्फ सुमारे अठरापट हळू विरूप होणार. शिवाय तिथली थंडी. ग्लेन यांचे प्रयोग शून्याखाली साधारण १३ अंशांपर्यंतचे होते, तर मंगळाचे सरासरी तापमान उणे ६० च्या आसपास आहे. खरी अडचण मला इथेच दिसते : सूत्र हाताशी होते, पण ते जिथे तपासले गेले त्याच्या फार पलीकडे वापरावे लागत होते. २००१ मध्ये गोल्ड्स्बी आणि कोलस्टेड यांनी दाखवले की बारीक कणांचा बर्फ कमी ताणाखाली वेगळ्या नियमाने वाहतो. तेव्हापासून कणांचा आकारही हिशेबात आला.

दरम्यान मंगळावर बर्फ आहे का, हाच वाद चालू होता. १९७६ साली पोहोचलेल्या व्हायकिंग यानांच्या छायाचित्रांत कड्यांच्या पायथ्याशी जिभेसारखे पसरलेले ढिगारे दिसले. स्टीव्हन स्क्वायर्स यांनी १९७८ मध्ये ते दगडमातीत मुरलेल्या बर्फामुळे सरकत असावेत असे सुचवले. निर्णायक पुरावा तीस वर्षांनी आला. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानावरच्या शराड रडारचे तरंग हेलास खोऱ्याच्या पूर्वेकडच्या ढिगाऱ्यांमधून आरपार जाऊन तळावरून परतले. त्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून खोली काढताना तरंगांचा बर्फातला वेग धरला, तर तळ शेजारच्या मैदानाच्या पातळीशी नेमका जुळत होता. २००८ मध्ये जॅक होल्ट आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले : दगडांच्या पातळ आवरणाखाली जवळजवळ शुद्ध बर्फ!

मग हा बर्फ तिथे आला कुठून? मंगळाचा आस आज सुमारे २५ अंश कललेला आहे, पण हा कल स्थिर नाही. तो वाढला की ध्रुवांवर ऊन जास्त पडते आणि तिथल्या बर्फाची वाफ होऊन ती इतरत्र हिम म्हणून साचू शकते. जाक लास्कर यांच्या गणितानुसार तो दीर्घ काळात ६० अंशांपलीकडेही जाऊ शकतो. फ्रान्स्वा फोर्गे यांच्या गटाने २००६ मध्ये हवामानाच्या मॉडेलमध्ये ४५ अंशांचा कल घातला, तेव्हा थार्सिसच्या ज्वालामुखींच्या पश्चिम उतारांवर हिम साचले. जेम्स हेड आणि डेव्हिड मर्चंट यांनी त्यांपैकीच आर्सिया मॉन्स या ज्वालामुखीवर जुन्या हिमनदीच्या खुणा ओळखल्या होत्या, त्या याच बाजूला. या सगळ्या इतिहासातला हा जुळलेला सांधा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

२०१५ मध्ये नाना कार्लसन आणि सहकाऱ्यांनी रडारची मोजमापे आणि प्रवाहाचे मॉडेल एकत्र करून मध्य अक्षांशांवरच्या बर्फाचा अंदाज काढला : सगळ्या ग्रहावर पसरला तर सुमारे एक मीटर जाडीचा थर. मात्र यांपैकी एकाही हिमनदीतून अजून नमुना काढलेला नाही. कणांचा आकार आणि बर्फातल्या धुळीचे प्रमाण मॉडेलमध्ये आजही गृहीत धरावे लागते.