प्रवाळावरच्या धावपट्ट्या : पॅसिफिकमधले छोटे विमानतळ आले कुठून?

पॅसिफिक महासागरातल्या छोट्या बेटांवर विमानाने उतरलेल्यांची वर्णने वाचली की काही गोष्टी हटकून भेटतात. विमान खाली येत राहते, खिडकीतून नुसते पाणी दिसते आणि चाके टेकायच्या क्षणभर आधी जमीन उगवते. तुवालूच्या फुनाफुतीत संध्याकाळी धावपट्टीवर फुटबॉल आणि व्हॉलीबॉल रंगतो. विमान यायचे असले की भोंगा वाजतो, माणसे, कुत्री, दुचाक्या बाजूला होतात. नाउरूत विमान उतरताना रस्त्यावरच्या गाड्या थांबवतात. पापुआ न्यू गिनीत धावपट्टी डोंगराच्या उतारावर तिरकी पडलेली असते. छोट्या विमानात बसण्यापूर्वी बॅगेबरोबर माणसालाही काट्यावर उभे करतात. प्रवासी हे सगळे गंमत म्हणून लिहितो, वैमानिक जरा जपून लिहितो. गंमत आहेच, पण त्या प्रत्येक विचित्रपणामागे एक तारीख आहे, आणि बहुतेक वेळा त्या तारखेला बेटावरच्या माणसांना कोणी काही विचारलेले नव्हते.

सुरुवातीला तर विमानतळच नव्हते. १९२८ मध्ये चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ आणि त्याचे तीन साथीदार ‘सदर्न क्रॉस’ या तीन इंजिनांच्या फॉकर विमानातून अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाला निघाले. हवाईतल्या कवाई बेटावरून उडाल्यावर ते थेट फिजीत उतरले, चौतीस तासांहून जास्त वेळ हवेत राहून. उतरले कुठे, तर सुवा शहराच्या मधोमध असलेल्या आल्बर्ट पार्क या खेळाच्या मैदानात. त्यासाठी तिथली झाडे तोडावी लागली. उतरणे जमले, पण पुरते इंधन भरून त्या मैदानातून उडणे शक्य नव्हते. म्हणून विमान नासेलाईच्या समुद्रकिनाऱ्यावर नेले आणि वाळूवरून उडवले. ९ जूनला ते ब्रिस्बेनला पोहोचले. पॅसिफिकमधल्या छोट्या धावपट्टीचा पेच इथेच पुरता दिसतो : उतरायला जागा सापडते, पण भरलेल्या विमानाला उडायला ती पुरत नाही.

पॅन अमेरिकन कंपनीने यावर उपाय काढला तो जमीन टाळण्याचा. पाण्यावर उतरणारे विमान असेल तर धावपट्टी लागतेच कशाला? कंकणाकृती प्रवाळद्वीपाच्या पोटात लगून असते, म्हणजे उथळ, शांत पाणी. १९३५ च्या मार्चमध्ये ‘नॉर्थ हेवन’ हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून मिडवे आणि वेक बेटांकडे निघाले. त्यात इंधन होते, जनरेटर होते, रेडिओची यंत्रे होती, घरांचे सुटे भाग होते. वेक बेटावर त्याआधी माणसांची वस्तीच नव्हती. तिथल्या लगूनमध्ये पाण्याखाली प्रवाळाचे सुळके होते. ते सुरुंगांनी फोडून विमानासाठी पाण्यातली वाट मोकळी केली. २२ नोव्हेंबर १९३५ ला ‘चायना क्लिपर’ हे पाण्यावर उतरणारे विमान लाखाहून अधिक पत्रे घेऊन निघाले आणि होनोलुलू, मिडवे, वेक, गुआम असे थांबे घेत आठवड्याभरात मनिलाला पोहोचले. पुढच्या वर्षी प्रवासीही जाऊ लागले. एका बाजूचे भाडे सुमारे ८०० डॉलर, म्हणजे तो प्रवास कोणासाठी होता हे वेगळे सांगायला नको.

त्या पहिल्या फेरीचा दिशादर्शक होता फ्रेड नूनन. समुद्राच्या मधोमध ठिपक्याएवढे बेट ताऱ्यांवरून शोधून काढण्यात त्याच्याइतका मुरलेला माणूस त्या काळी विरळा. हाच नूनन २ जुलै १९३७ ला अमेलिया इअरहार्टबरोबर न्यू गिनीतल्या लाए इथून हाउलंड बेटाकडे निघाला. हाउलंड जेमतेम अडीच किलोमीटर लांब आणि समुद्रसपाटीपासून काही मीटर उंच. इअरहार्टच्या उड्डाणासाठी अमेरिकेने तिथे मुद्दाम धावपट्ट्या आखून घेतल्या होत्या. अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास. बेटाजवळ थांबलेल्या ‘इटास्का’ जहाजाला तिचा आवाज रेडिओवर ऐकू आला, पण ते विमान पोहोचले नाही आणि आजवर सापडलेलेही नाही. इअरहार्टच्या गूढावर भरपूर लिहिले गेले आहे. मला त्यातले सगळ्यात बोलके वाटते ते हे की, जिच्यासाठी धावपट्टी तयार करून ठेवली होती ती वैमानिक तिथे उतरलीच नाही. आजही अशा एकाकी बेटाकडे जाताना जवळपास दुसरा विमानतळ नसेल, तर मोठी विमाने साधारण दोन तास जास्त उडता येईल एवढे इंधन राखून ठेवतात. प्रवाशाला तिकीट महाग का ते कळत नाही, त्याचे एक कारण हे.

इअरहार्ट जिथून उडाली त्या लाएची कथा निराळी. तिथे बेट शोधण्याचा प्रश्न नव्हता, डोंगर ओलांडण्याचा होता. १९२० च्या दशकात बुलोलो आणि वाऊ या खोऱ्यांत सोने सापडले. किनाऱ्यावरच्या सालामाउआहून वाऊला चालत जायला आठवडाभर लागे, वाटेत चिखल, जंगल आणि मलेरिया. विमानाला हेच अंतर तासाभराच्या आत कापता येई. गिनी एअरवेज या कंपनीने १९२७ पासून लाएहून वाहतूक सुरू केली. सोने उपसणारी प्रचंड ड्रेजर यंत्रे सुटी करून, तुकड्या-तुकड्यांनी जर्मन बनावटीच्या युंकर्स विमानांतून बुलोलोला नेली आणि तिथे जोडली. पहिले ड्रेजर १९३२ मध्ये सुरू झाले. त्या काळी जगात दुसरीकडे कुठे विमानाने इतका माल जात असेल असे वाटत नाही. पॅसिफिकमध्ये विमान आले ते हौस म्हणून, अशी जी समजूत असते, ती लाएपुरती तरी साफ चुकीची आहे. इथे ते मालमोटार म्हणूनच आले.

वाऊची धावपट्टी तिरकी आहे, दर दहा-बारा मीटरला साधारण एक मीटर चढ. वैमानिक चढाच्या दिशेने उतरतो आणि उताराच्या दिशेने उडतो, वारा कुठूनही असो. अशा पट्टीवर एकदा खाली आले की फेरी मारून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय नसते, कारण समोर डोंगर असतो. न्यू गिनीच्या डोंगराळ भागात अशा पट्ट्या पुढे शेकड्यांनी झाल्या. सकाळी दरी स्वच्छ असते, दुपारपर्यंत ढग भरतात, म्हणून तिथले वैमानिक पहाटे कामाला लागतात. १९३३ मध्ये सोन्याच्या शोधात माउंट हेगनच्या खोऱ्यात शिरलेल्या लेही बंधूंनी तिथे पट्टी बनवली तेव्हा रोलर नव्हता. त्यांनी शेकडो स्थानिकांना जमवले आणि त्या लोकांनी नाचत, गात, पायांनी तुडवून जमीन घट्ट केली. त्यातल्या बहुतेकांनी तोवर बाहेरचा माणूसही पाहिला नव्हता, विमान तर दूरच.

मग युद्ध आले, आणि आज आपण ज्या धावपट्ट्यांवर उतरतो त्यांपैकी बऱ्याच त्या चार वर्षांत तयार झाल्या.

१९४२ च्या जुलैमध्ये जपान्यांनी सॉलोमन बेटांतल्या ग्वादलकनालवर धावपट्टी बांधायला घेतली. ती पुरी झाली तर ऑस्ट्रेलियाकडे जाणारा समुद्रमार्ग धोक्यात येणार होता. ७ ऑगस्टला अमेरिकन मरीन सैनिक उतरले, दुसऱ्या दिवशी पट्टी त्यांच्या हातात आली. उरलेले काम त्यांनी जपान्यांनीच मागे टाकलेल्या यंत्रांनी पूर्ण केले, आणि २० ऑगस्टला पहिली लढाऊ विमाने उतरली. मिडवेच्या लढाईत मारल्या गेलेल्या मेजर लॉफ्टन हेंडरसनचे नाव तिला दिले. पुढचे सहा महिने त्या एका पट्टीसाठी हजारो माणसे मेली. सॉलोमन बेटांची राजधानी होनियाराचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आज त्याच जागी आहे. आजच्या किरिबाती देशातल्या तारावा प्रवाळद्वीपाच्या बेटिओ या तीन किलोमीटर लांबीच्या बेटावर तर नोव्हेंबर १९४३ मध्ये अवघ्या तीन दिवसांत सुमारे एक हजार अमेरिकन आणि चार हजारांहून जास्त जपानी सैनिक व कोरियन मजूर मेले, तेही तिथल्या धावपट्टीपायीच. वाऊला जानेवारी १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिक विमानातून उतरले ते थेट गोळीबारातच.

या पट्ट्या इतक्या झटपट कशा झाल्या? अमेरिकन नौदलाच्या बांधकाम तुकड्यांना ‘सीबीज’ म्हणत. त्यांनी बाहेरून दगड आणला नाही. लगूनमधला प्रवाळ खोदायचा, चुरायचा, पसरायचा, त्यावर समुद्राचे पाणी मारायचे आणि रोलर फिरवायचा. ओला प्रवाळ दाबला की जवळपास काँक्रीटसारखा बसतो. पट्टी पांढरीशुभ्र होते आणि उन्हात डोळे दिपवते. त्या काळच्या वैमानिकांच्या तक्रारींत ही चकाकी आणि उडणारी धूळ दोन्ही आहेत. पण ओला, ताजा प्रवाळ हवा म्हणजे तो जवळूनच काढायला हवा, आणि इथे बेटांचे नुकसान सुरू होते.

फुनाफुतीचे उदाहरण घ्या. १९४२ च्या ऑक्टोबरात अमेरिकन सैन्य तिथे आले. मुख्य बेट बहुतेक ठिकाणी एवढे चिंचोळे की दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. धावपट्टी अर्थातच जिथे ते सगळ्यात रुंद आहे तिथे गेली, आणि तीच माणसांची राहण्याची, नारळाची, पुलाका या कंदाची जागा. भरावासाठी बेटाच्या टोकांना खोदलेले मोठे खड्डे सत्तर वर्षे तसेच राहिले. त्यांत खारे पाणी साचे, कचरा पडे, आणि जागा मिळत नाही म्हणून लोक त्यांच्याच कडेला घरे बांधून राहत. न्यूझीलंडच्या पैशाने ते बुजवले गेले ते २०१५ मध्ये. एप्रिल १९४३ मध्ये जपानी विमानांनी बेटावर बाँब टाकले तेव्हा लोक चर्चमध्ये लपले होते. एका अमेरिकन शिपायाने त्यांना बाहेर पडायला लावले आणि थोड्याच वेळात चर्चवर बाँब पडला. मुले धावपट्टीवर का खेळतात, हा प्रश्न म्हणूनच मला उलटा वाटतो. सपाट आणि मोकळी जागा तेवढीच उरली, मग ती खेळणार कुठे?

नॉरफोक बेटावर याच काळात धावपट्टीसाठी पाइन वृक्षांची जुनी रांग तोडली गेली. बोराबोराला अमेरिकनांनी १९४३ मध्ये मोतू मुते या कडेच्या टापूवर पट्टी बांधली. ताहितीत तेव्हा धावपट्टीच नव्हती, म्हणून युद्धानंतर कित्येक वर्षे परदेशी विमाने बोराबोराला येत आणि प्रवासी तिथून पाण्यावरच्या विमानाने ताहितीला जात. आजही बोराबोराला उतरलेला प्रवासी विमानतळावरून हॉटेलला होडीनेच जातो. मधुचंद्राच्या जाहिरातीत ती होडी असते, पट्टी कोणी बांधली ते नसते.

युद्धानंतरचा एक छोटा, रमणीय काळ आहे आणि प्रवाशांच्या आठवणींत तो गरजेपेक्षा जास्त जागा अडवतो. न्यूझीलंडच्या टील कंपनीने १९५१ मध्ये ‘कोरल रूट’ सुरू केला : ऑकलंड, फिजी, सामोआ, कुक बेटांतले ऐतुताकी आणि ताहिती. सोलेंट जातीची पाण्यावर उतरणारी विमाने ऐतुताकीच्या लगूनमध्ये अकाइआमी या टापूशी थांबत. इंधन भरेपर्यंत प्रवासी पाण्यात पोहून घेत. ताहितीत फाआ इथे खडकावर भराव टाकून धावपट्टी झाली आणि १९६० मध्ये हा मार्ग संपला. त्याच सुमारास बोइंग ७०७ जेट विमाने आली, त्यांना मधल्या थांब्यांची गरज उरली नाही. कँटन बेटासाठी एकेकाळी अमेरिका आणि ब्रिटन भांडले होते, १९३९ मध्ये त्यावर पन्नास वर्षांचा संयुक्त ताबा ठरला होता. जेट आल्यावर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. आज ते किरिबातीचे आहे आणि तिथे मूठभर लोक राहतात.

ज्यांच्यावरून जेट निघून गेले त्या बेटांना मात्र विमान हवेच होते. मायक्रोनेशियासाठी १९६८ मध्ये कंटिनेन्टल या अमेरिकन विमान कंपनीच्या पुढाकाराने ‘एअर मायक्रोनेशिया’ उभी राहिली. प्रवाळाच्या कच्च्या पट्ट्यांवर बोइंग ७२७ उतरवायचे म्हणून विमानाच्या पोटाला टेफ्लॉनचा लेप दिला होता, उडणाऱ्या खड्यांपासून बचाव म्हणून. तीच सेवा आज युनायटेड या विमान कंपनीची ‘आयलंड हॉपर’ आहे : होनोलुलूहून माजुरो, क्वाजालीन, कोसराए, पोनपेई, चूक आणि गुआम. एसटीच्या गाडीने गावोगाव थांबत जावे तसे हे विमान जाते, आणि सोबत मेकॅनिक घेऊन जाते, कारण मध्ये बिघडले तर दुरुस्त करणारे कोणी नाही. क्वाजालीन हा अमेरिकन लष्करी तळ आहे. तिथे काम नसलेल्या प्रवाशाला उतरता येत नाही. माजुरोत धावपट्टीवर पडणारे पावसाचे पाणी तलावांत साठवतात आणि शहराला पुरवतात. प्रवाळाच्या बेटावर नदी नसते, त्यामुळे सगळ्यात मोठे छप्पर म्हणजे धावपट्टीच.

नाउरूची पट्टी मूळची जपान्यांनी युद्धात नाउरूच्याच लोकांकडून राबवून घेऊन बांधली. बेटाभोवतीचा रस्ता जेमतेम एकोणीस किलोमीटरचा आणि तो पट्टीला वळसा घालून जातो, म्हणून वाहने थांबवावी लागतात. फॉस्फेटच्या पैशावर या चिमुकल्या देशाने एकेकाळी अनेक बोइंग बाळगली. बेटाच्या लोकसंख्येच्या मानाने आसने अवाच्या सवा होती. फॉस्फेट संपले आणि डिसेंबर २००५ मध्ये शेवटचे बोइंग ७३७ कर्जापायी जप्त झाले. काही काळ नाउरूला स्वतःचे एकही विमान नव्हते.

काट्यावर उभे राहण्याचे कारण सोपे आहे. ब्रिटन-नॉर्मन आयलंडर किंवा ट्विन ऑटर यांसारख्या छोट्या विमानात आखूड पट्टीवरून उडताना प्रत्येक किलो मोजावा लागतो. २०१३ मध्ये सामोआ एअरने प्रवाशाच्या वजनावर भाडे लावले तेव्हा जगभर हसू झाले. वैमानिकांना मात्र त्यात फारसे हसण्यासारखे दिसले नसावे.

गेल्या दशकभरात जागतिक बँकेच्या मदतीने फुनाफुती, तारावाचे बोनरिकी आणि टोंगातल्या काही पट्ट्यांचे डांबरीकरण झाले, दिवे आले, कुंपणे आली. न्यू गिनीच्या डोंगरांत चित्र उलटे आहे. १९७० च्या दशकात चालू असलेल्या अनेक पट्ट्या आता बंद आहेत. गवत कापायला पैसे नाहीत, छोट्या कंपन्या बुडाल्या, आणि बऱ्याच खोऱ्यांत आज येतात ती फक्त मिशनरी संस्थांची विमाने. पट्टी बंद पडली की कॉफीची पोती खोऱ्यातच सडतात, शिक्षक परत येत नाही, आणि बाळंतीण अडली तर तिला झोळीत घालून दिवसचे दिवस चालत न्यावे लागते.