कंबरेचा घेर आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींची पिशवी

"अंगावर मांस नाही, मला कशाची साखर?" हे मधुमेह नाकारणारे वाक्य नवी मुंबईतील तुर्भे स्टोअर्स, दिघा किंवा ठाण्यातील लोकमान्यनगर अशा वस्त्यांत आरोग्य सर्वेक्षणास निघालेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या कानांवर हमखास पडते. सामुदायिक आरोग्य परिचर्या हा त्यांच्या अभ्यासक्रमातील सक्तीचा विषय असल्याने त्यांना वस्तीत पाठविले जाते. त्या याला 'कम्युनिटी पोस्टिंग' म्हणतात. आशाताईंच्या सोबतीने त्या घरोघरी जातात, आत आल्यावर प्रथम वर्तमानपत्र अंथरून त्यावर पिशवी ठेवतात, म्हणजे जमिनीवरचे जंतू पिशवीला लागून पुढच्या घरी जात नाहीत; हात धुतात आणि मगच बीपीचे यंत्र व ग्लुकोमीटर बाहेर काढतात. याच पिशवीत शिंप्याकडे असते तशी एक साधी टेप असते, आणि वरील वाक्याचे उत्तर बरेचसे तिच्यापाशी आहे.

बारीक माणसाला मधुमेह होत नाही, हा समज दक्षिण आशियाई लोकांच्या बाबतीत विशेष घातक आहे. 1991 साली पश्चिम लंडनमधील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात भारतीय उपखंडातून आलेल्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण सुमारे 19 टक्के, तर युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये सुमारे 4 टक्के आढळले, आणि या तफावतीचा संबंध पोटावरील चरबीशी असल्याचे दिसले. पुढे 2004 साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचीच मापे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसणे शक्य नव्हते.

एवढी चरबी असणे हा प्रश्नाचा एक भाग झाला; ती कुठे साठते, हा त्याहून महत्त्वाचा. त्वचेखालच्या चरबीच्या पेशी हे शरीराचे सुरक्षित कोठार आहे. वाशीच्या एपीएमसी बाजारात गाळा भरला की गोण्या वाटेत रचल्या जातात, तसे हे कोठार अपुरे पडले की उरलेली चरबी पोटातील अवयवांभोवती, यकृतात आणि स्नायूंत जाऊन पडते. दक्षिण आशियाई लोकांत हे कोठार तुलनेने लवकर भरत असावे, असे एक प्रभावी गृहीतक आहे. स्नायूच्या पेशीत साचणाऱ्या मेदापासून डायॲसिलग्लिसेरॉल नावाचा रेणू तयार होतो आणि तो प्रोटीन कायनेज सी या विकराचा (एन्झाइमचा) एक प्रकार जागा करतो. हा विकर, साखर आत घ्या हा इन्सुलिनचा निरोप पेशीत पुढे नेणाऱ्या प्रथिनांच्या साखळीत अडथळा आणतो. निरोप पोहोचला नाही की साखर आत नेणारी ग्लूट-4 ही वाहक प्रथिने पेशीच्या आतच राहतात, पृष्ठभागावर पुरेशी येत नाहीत आणि साखर रक्तातच फिरत राहते. यकृतातही जवळपास असाच अडथळा निर्माण होतो. त्यामुळे थांबायला हवे तेव्हाही यकृत साखर बनवीत राहते. स्वादुपिंड काही वर्षे जास्त इन्सुलिन स्रवून वेळ मारून नेते, आणि ते थकले की रक्तातील साखरेचा आकडा वाढू लागतो.

याची सुरुवात गर्भातच होत असावी, असे पुण्याजवळच्या गावांतील अभ्यासाने सुचविले. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो होते. पुण्याची बाळे स्नायूंच्या बाबतीत बरीच लहान होती, पण पाठीवरच्या त्वचेखालील चरबीत तेवढी मागे नव्हती. म्हणून 'भारतीयांचे मधुमेहाचे जनुक' सापडल्याच्या बातम्या आल्या की थोडे थांबावे. एकटे एखादे जनुक हे सगळे घडवीत नाही. मधुमेहावरचा उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या विजयसाराच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यानेही स्नायूंतील मेद वितळत नाही, मग विक्रेता तो कितीही आत्मविश्वासाने विको.

टेप लावण्याची रीत मात्र पाळावी लागते. शेवटची बरगडी आणि कटीच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यायचे असते. पँटचा नंबर चालत नाही आणि साडीच्या निऱ्यांवरून घेतलेले मापही नाही. वस्तीतल्याच बचत गटाच्या बाईने पडदा ओढून आधी स्वतःचे माप देऊन दाखविले, तर इतर जणी तयार होतात. ब्रिटन व कॅनडात गुरुद्वारांत आणि मंदिरांत आरोग्य तपासणी भरविली जाते, ती याच हिशेबाने. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांना 80 सेंटीमीटर मानली जाते.

चेन्नईत तयार झालेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकात हे माप असे वापरले जाते. समजा, कोपरखैरणेतील 42 वर्षांचा एक रिक्षाचालक आहे. उंची 165 सेंटीमीटर, वजन 61 किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स सुमारे 22.4, अगदी 'बारीक'. वयाचे 20 गुण, 92 सेंटीमीटर कंबरेचे 10, दिवसभर बसून काम आणि व्यायाम नाही म्हणून 30, आई मधुमेही म्हणून 10; एकूण 70. गुण 60 किंवा अधिक असल्यास जोखीम मोठी समजतात आणि उपाशीपोटी रक्त तपासायला पाठवितात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. ग्लुकोमीटरच्या एका थेंबावर कोणाला मधुमेही ठरवायचे नसते. त्यासाठी प्रयोगशाळेत उपाशीपोटी साखर 126 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक, आणि लक्षणे नसतील तर दुसऱ्यांदाही तशीच, यावी लागते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणी सोयीची खरी, पण लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात ती खोटी वाढलेली येऊ शकते, आणि अशा रक्तक्षयाच्या स्त्रिया या वस्त्यांत पुष्कळ आहेत.

खरी अडचण पोस्टिंग संपल्यावर येते. विद्यार्थिनींची तुकडी बदलते, प्रत्येक कुटुंबाच्या नोंदींचे 'फॅमिली फोल्डर' कॉलेजच्या कपाटात जातात आणि 70 गुणांच्या रिक्षाचालकाने रक्त तपासले की नाही, हे विचारायला कोणी उरत नाही. म्हणून कंबरेचे माप आणि गुण आशाताईंच्या वहीतही त्याच दिवशी उतरले पाहिजेत, म्हणजे पुढची तुकडी त्या दारात जाईल तेव्हा तिच्या हातात आधीचा आकडा असेल.