छाटणी चर्चासत्र (नाशिक)

छाटणी चर्चासत्र : द्राक्षवेलीच्या छाटणीच्या तोंडावर संशोधक आणि बागायतदार यांना समोरासमोर आणणारा मेळावा. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी आणि चांदवड या तालुक्यांच्या द्राक्षपट्ट्यात तो चांगला रुजला आहे. द्राक्ष बागायतदार संघ, कृषी विभाग, कृषी विज्ञान केंद्र किंवा गावातील बागायतदारांचे गट त्याचे आयोजन करतात. मार्गदर्शनासाठी बहुधा पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ येतात.

येथील हवामानात वेल थंड प्रदेशातल्यासारखी पूर्ण सुप्तावस्थेत जात नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या करून एकच पीक घेतले जाते. एप्रिलच्या खरड छाटणीने काडी तयार होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास केलेल्या गोडी छाटणीने घड निघतात. बागलाण भागात पूर्वहंगामी द्राक्षांसाठी गोडी छाटणी पावसाळ्यातच होत असल्याने तिकडची चर्चाही आधी सुरू होते.

सूक्ष्मघडनिर्मिती हा खरड छाटणीच्या चर्चेचा गाभा असतो. पुढच्या हंगामातील घड खरड छाटणीनंतरच्या काही आठवड्यांतच काडीच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, आकार घेतो. त्या काळात ढगाळ हवामान राहिले किंवा शेंडा अनावर वाढला, तर बाग फुटते, पण माल, म्हणजे घड, दिसत नाही. त्यामुळे गोडी छाटणीपूर्वी काड्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कितव्या डोळ्यावर काप घ्यायचा हे ठरवण्याचा सल्ला दिला जातो.

निर्यातीमुळे या चर्चेत उर्वरित अंशाचा, म्हणजे फळात मागे राहणाऱ्या रसायनांचा, विषय आला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. हे वाढनियंत्रक प्रामुख्याने खरड छाटणीनंतर, म्हणजे घड दिसण्याच्या कितीतरी आधी, वापरले जात होते. तेव्हापासून फवारणी करताना ‘काढणीला किती दिवस राहिले’ एवढाच हिशेब पुरत नाही, हे बागायतदारांना वेगळे सांगावे लागत नाही.

सभागृहातील भाषणांपेक्षा नंतरची बागेतली फेरी अधिक फलदायी ठरते, कारण तेथे शिफारस आणि प्रत्यक्ष वेल शेजारी-शेजारी असतात. ज्ञान एकाच दिशेने वाहते असेही नाही : ‘तास-ए-गणेश’ हा गाजलेला वाण प्रयोगशाळेत तयार झाला नसून सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या एका बागायतदाराने थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या वाणातून निवडलेला आहे. व्यासपीठावरून बागायतदाराचे अनुभवकथन ठेवले जाते, ते केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे.

खते-औषधे विकणाऱ्या कंपन्यांच्या प्रायोजकत्वामुळे सल्ला आणि जाहिरात यांतील रेषा काही ठिकाणी पुसट होते. पेठ-सुरगाण्याकडून येणारे मजूर, ज्यांच्या हातांनी छाटणी, विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) होते, ते या खुर्च्यांवर क्वचितच दिसतात. काप कितव्या डोळ्यावर घ्यायचा हे त्यांना दुसऱ्या दिवशी बागेत, मालकाकडून कळते.